चिंचोक्याच्या खळीचा पंख

आमच्या कॉलेजच्या विमानाचा तिसरा पंख मी घरी केला. विमान थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, चार फुटी. आधीचे दोन पंख हवेतच मधोमध मोडले होते. आत कार्बनची नळी घाला, असं सर म्हणाले, पण ती आम्हा चौघांना परवडणारी नव्हती. मी पहिल्या वर्षाला, गटात एकटीच मुलगी आणि बहुतेक वेळ गप्प. तरी त्या दिवशी बोलून गेले. आमच्या घरी पूर्वी घोंगड्या विणायचे, सूत ताठ व्हावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावायचे. त्याच खळीनं थर्माकोलवर वर्तमानपत्र चिकटवलं तर?

"विमान उडवायचंय का पांघरायचंय?" एकजण म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. विमान चालवणारा शेवटच्या वर्षाचा दादा तेवढा हसला नाही. "कर. बघू," म्हणाला.

शिरूरजवळच्या आमच्या गावात आत्यानं मला खळ करायला शिकवली. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवून वाटायचे आणि मग शिजवायचे. "पातळ लाव," ती म्हणाली. "आन् दोन्ही अंगानं लाव. एकाच अंगानं लावलीस तर वाळताना त्याचं धनुष्य हुईल." वाळल्यावर पंख खडखडीत झाला. दोन विटांवर त्याची टोकं टेकवून मी मधोमध पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवल्या. एक, दोन, तीन. तो वाकला, पण मोडला नाही. दादानं व्हिडिओ पाहून लिहिलं, "रविवारी वरवंडला ये. उडवून बघू."

रविवारी सकाळी उठून ओसरीवर आले तर आमची शेळी पंख चाटत होती. खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं पीठच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खालच्या बाजूचा, अगदी मधला, तळहाताएवढा कागद गेला होता आणि थर्माकोलचे दाणे उघडे पडले होते. उडताना पंखाची टोकं वर वाकतात आणि सगळा ताण खालच्या बाजूच्या मध्यावर येतो. नेमकी तीच जागा.

उरलेली खळ लावून मी नवा कागद चिकटवला, वरून चिकटपट्टी ओढली. एसटीची वेळ झाली तेव्हा कागद अजून ओलसर, गार लागत होता.

गाडीत पंख लुगड्यात गुंडाळून मांडीवर आडवा धरला होता. "काय गं, कुणाचं पंख उपटून आणलंस?" कंडक्टर म्हणाले. "याला हाफ तिकीट लागंल." शेजारच्या बाई हसल्या.  दादाला शेळीचं सांगायचं, असं वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत ठरवलं. चौफुला येईपर्यंत ते मोडलं. घरात काही चुकलं तर काय होतं हे मला माहीत होतं, आई बोलते आणि विसरते. कॉलेजात चुकलं तर काय होतं हे सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. गटातून काढतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

वरवंडच्या बाहेर एका मोकळ्या रानात तिघे थांबले होते. दादानं पंख वरून थोपटला. "मस्त कडक झालाय," म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं, पण त्यानं पंख विमानावर बांधायला रबर हातात घेतले आणि मी तोंड मिटलं.

विमान सरळ वर गेलं. बाकीचे दोघे ओरडत होते. मी फक्त पंखाचा मधला भाग बघत होते. वळताना टोकं वर उचलली जात होती, आधीच्या पंखांपेक्षा कमी, तरी मी एकेक वळण मोजत होते. दुसऱ्या फेरीला ते बांधापलीकडे गेलं आणि मला खाली वाकलेल्या बायका दिसल्या. पाच-सहाजणी कांदा लावत होत्या. त्यांचं वर लक्ष नव्हतं. प्रोपेलर फिरताना बोट सोलून काढतो हे मी पाहिलं होतं. विमान त्यांच्या डोक्यावर येऊन वळलं आणि मला टक् असा आवाज आला. खरंच आला की भीतीनं वाटलं, आजही सांगता येणार नाही.

"दादा, खाली घे! पंख फुटलाय!"

"कुठं फुटलाय? छान चाललंय की."

"खालून फुटलाय. मला माहितीय. त्या बायकांवरनं काढ, दादा, पाया पडते!"

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोटर बारीक केली, विमान वळण न घेता सरळ लांब काढलं आणि नांगरटीत उतरवलं.  विमान ढेकळांवर घासत थांबलं. दादानं ते उलटं केलं आणि चिकटपट्टी सोलली. ओला कागद तिच्याबरोबरच निघून आला. खाली अंगठा मावेल एवढी भेग होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"सकाळपासून."

मग मी शेळीचं सगळं सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. "मी त्यांच्या डोक्यावरनं तीन फेऱ्या घेणार होतो," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तो खाली बसला आणि बॅटरीची वायर काढू लागला.  

तेवढ्यात बांधावरून एक मावशी ओरडल्या, "आरं, लगीच का उतरवलं? आजून एकदा उडवा की, आमी बघितलंच न्हाई!"

तिघे माझ्याकडे बघत राहिले. कोणीतरी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, याची मी क्षणभर वाट पाहिली. मग बांधापर्यंत गेले. 

"आज न्हाई उडत, मावशी," म्हणाले. "पंख मोडलाय. मी मोडकाच आणला होता, आन् तो तुमच्या डोक्यावरनं नेला."

मावशींनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय गं?" म्हणाल्या, आणि हातातली कांद्याची रोपं तशीच धरून माझ्या उत्तरासाठी थांबल्या.