अख्ख्या काजूच्या कुकीज

माझ्या सासऱ्यांचा आजऱ्यात काजू फोडायचा कारखाना आहे, आणि माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

कारण अगदी क्षुल्लक आहे. मेहुण्याच्या लग्नात पंगतीत बसलो असताना मी बायकोला "शुभांगी, पाणी" एवढंच म्हणालो. ती चार पानं पलीकडे जेवत होती, ती उठली. तांब्या माझ्या डाव्या हाताशीच होता, हे मला खरंच दिसलं नव्हतं. तेवढ्यावरून मामा (म्हणजे सासरे, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात) भर पंगतीत म्हणाले, "आमच्या पावण्यास्नी हात हाईत की, पर ते फकस्त जेवायला." सगळी पंगत हसली. वाढपी तर बासुंदीचं भांडं खाली ठेवून हसला. त्याचा काय संबंध?

ते माझ्या मनात सलत होतं. म्हणून मध्यंतरी मामांनी काजूचा मोठा डबा पाठवला आणि "रविवारी येतो" असा फोन केला, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की या काजूच्या कुकीज मी करणार. स्वतःच्या हातानं.

मग मामा म्हणाले, "तुमी?"

त्या 'तुमी'त काय काय होतं, ते कळायला जावईच असावं लागतं.

रेसिपी मोबाईलवर सापडली. त्यात एक मुलगी हसत हसत कुकीज करते. इतकं हसण्यासारखं त्यात काय आहे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणाली, बटर घ्या. बटर! ज्या गावात म्हैस रस्त्याकडेला उभी करून पेल्यात धार काढून देतात, त्या गावात मी पाकिटातलं बटर आणू? आईनं घरी काढलेलं लोणी फ्रीजमध्ये होतं, ते घेतलं. मग ती म्हणाली, ब्राऊन शुगर. गुळाच्या पेठेत जन्म काढलेल्या माणसानं तपकिरी साखर विकत आणायची म्हणजे कमाल झाली. गूळ घेतला. शेवटी म्हणाली, काजूचे बारीक तुकडे करा. इथे मात्र माझं डोकं फिरलं. मामांनी एकेक काजू निवडून अख्खा पाठवलेला. अख्ख्याचा भाव वेगळा, तुकड्याचा वेगळा, यावर लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी त्यांचं व्याख्यान ऐकलेलं आहे. मी काजू अख्खेच ठेवले.

"अहो, तिनं सांगितलंय तसं करा की," शुभांगी म्हणाली.

"ती कोल्हापूरची हाय काय?"

"न्हाय."

"मग?"

पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला. लोण्यात ताक राहिलेलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (आईला माहीत होतं. तिला विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. ही आमच्या घरातली माणसं.) सगळ्या कुकीज पातळ होऊन एकमेकींकडे सरकल्या आणि शेवटी ट्रेएवढी एकच कुकी झाली.

आई काचेतून वाकून बघत म्हणाली, "आंबोळी घातलीस व्हय रं सुध्या?"

मी ती आंबोळी उलथन्यानं खरवडून काढली, आणि दुसऱ्या घाण्याला कंबर कसली. पहिला घाणा पातळ झाला ना? मग आता मैदा दुप्पट. गूळ किसत बसलं की बोटं सोलतात, म्हणून ढेपेचा मोठा खडा कढईत टाकून विरघळायला ठेवला. नेमका तेव्हाच मामांचा फोन आला.

"पावणं, यष्टीत बसलोय. एक सांगतो, बेकरीतनं आणून ठिवू नगासा. मला वळखायला येतंय."

आता यावर कोणी गप्प बसेल? मी कधी, कुठं, कुणाची फसवणूक केली आहे, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी दोन उदाहरणं दिली. मी ती खोडून काढली. त्यांनी तिसरं दिलं. ते खोडून काढेपर्यंत कढईतून वास यायला लागला.

"पाक पक्का झाला की रं," आई म्हणाली. "आता चिक्की हुईल त्याची."

"आई, ही कुकी हाय. चिक्कीचे नियम हिला लागू न्हाईत."

हे वाक्य मी किती ठामपणे बोललो होतो, याची आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला नक्कल करून दाखवते.

पण दुसरा ट्रे बाहेर आला, तो बघत राहावं असा! गोल, तांबूस, चकाकत्या कुकीज, आणि प्रत्येकीत अख्खे काजू बसलेले. शुभांगीसुद्धा "बरं दिसतंय" म्हणाली. गार झाल्यावर मी त्या स्टीलच्या डब्यात भरायला घेतल्या. पहिली टाकली, आणि खण्ण असा आवाज आला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मामा आले, टोपी काढून बसले. चहा आला. मी कुकीजची बशी स्वतःच्या हातानं पुढे केली. मामांनी एक उचलून तोंडात घातली. थोड्या वेळानं त्यांनी ती होती तशी बाहेर काढली, उलटी केली, नखानं टिचकी मारून कानाशी धरली. मग चहात बुडवली.

"मामा, कुकी चहात बुडवत नसतात," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या वाईच."

वाईच म्हणता म्हणता चहा निवला, त्यावर साय धरली. कुकीला काहीही झालं नाही.

"शुभे," मामा म्हणाले, "अडकित्ता हाय का गं घरात?"

आईचा सुपारीचा अडकित्ता आला. मामांनी जमिनीवर पेपर अंथरला, मांडी घातली, कुकी अडकित्त्यात धरली आणि अलगद दाबली. कट्ट! काजू बाहेर आला. अख्खा. मामांचा चेहरा असा खुलला, की माझ्या घरात तो तसा खुललेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग शुभांगी बसली, आई खलबत्ता घेऊन बसली. आणि मलाही बसवलं. मी केलेल्या कुकीज मलाच सोलायला लावल्या, आणि वर शिकवणी! "दाबू नगा पावणं, सोडवा. ह्यो तुकडा. ह्यो बी तुकडा. आमच्या कारखान्यात तुमी एक दिस टिकायचा न्हाई." सगळं सोलून झाल्यावर मामांनी वाटीतला एक काजू खाल्ला आणि म्हणाले, "काजू झ्याक हाय." म्हणजे कौतुक झालं, तेही स्वतःच्याच मालाचं. इतका अपमान मी पंगतीतही सोसला नव्हता.

जाताना मात्र त्यांनी पेपरवरचे कुकीजचे सगळे तुकडे पिशवीत भरून घेतले.

"ऱ्हाऊ द्या मामा, कशाला?"

"टाकायचं कशाला? हातानं केलंयसा."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे पाणावले. मामींना चव दाखवायला नेले असणार. माणूस तोंडानं फटकळ असला तरी आतून मऊ असतो, असं मी शुभांगीला रात्रीपर्यंत सांगत होतो. ती हूं हूं करत होती.

दोन दिवसांनी फोन आला.

"पावणं, कारखान्यात काजू वाफवायला बॉयलर हाय न्हवं, त्यात टाकलं ते. काजूच्या टरफलापेक्षा जोरात पेटलं बगा. लोण्याचा गुण असंल. आनि कवा करनार?"

मी फोन ठेवला. शुभांगी पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय म्हनत हुते बाबा?"

"काय न्हाय," मी ताठ मानेनं सांगितलं, "आणखी मागितल्यात."