चाचाची छागल

मोगलाईत जायचं म्हणजे आमच्याकडे परमुलखात जाणं. मध्ये पैनगंगा. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. नाणं वेगळं, शिपाई वेगळा, बोलीही चार कोसांवर पालटायची. उन्हाळ्यात नदी आटली की शेळ्या मात्र कोणाला न विचारता इकडून तिकडे चरायला जात. माझी धाकटी बहीण पलीकडे दिलेली, आणि माझं सासर रिसोडपासून दोन कोसांवर. दुसरी जर्मन लढाई सुरू व्हायच्या चार-दोन वर्षं आधीच्या वैशाखात मी तिच्याकडे गेले, ते एका विचित्र कामासाठी. दूध पोचवायला.

बहीण बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते आणि तिला ताप भरला, तो उतरेना. अंगावरचं दूध आटलं. पोरीला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायचे, ते ती ओकून टाकायची. तिकडून गडी निरोप घेऊन आला : मावशीचं लेकरू पितं आहे, तिला लगेच पाठवा, नाही तर पोरगी हाती लागत नाही. त्यांच्या समोरच्याच घरात एक ओली बाळंतीण होती, पण ती पिंजाऱ्याची, मुसलमानाची. तिला कोणी विचारलंच नाही. समोरचा दरवाजा ओलांडण्यापेक्षा नदीपलीकडून मावशी आणवणं त्यांना सोपं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमचं घर कुणब्याचं, पण सोवळं बामणाच्या वरताण. सासूबाईंचा धाक असा, की चुलीतलं लाकूडसुद्धा त्यांना विचारून पेटायचं. घरधनी कामानं अकोल्याला गेलेले, म्हणून सासूबाईंनी चाचाची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, जुंपायला सांगितली. चाचा आमच्याच गावचे, पाच वेळा नमाज पढणारे. यात्रेच्या दिवसांत ते जऊळक्याच्या स्टेशनावरून शिरपूरच्या देवळाला जैन यात्रेकरू पोचवत, त्यामुळे लेकीबाळींना जपून नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सासूबाईंनी दमणीत तांब्याची घागर ठेवली, वर फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "हेच पाणी पेजो. दुसऱ्या कोणाचं तोंडाले लावू नको."

पहाटे निघालो. माझा आठ महिन्यांचा लेक मांडीवर. ऊन चढायच्या आत नदीच्या वाळूत उतरलो. चाकं रुतायची, चाचा खाली उतरून बैलांशी गोडीगुलाबीनं बोलायचे. बैलांना त्यांनी कधी शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही. पलीकडे काठावर मोगलाईचा नाका होता. एक आडवा बांबू आणि त्याच्याजवळ एक रोहिला शिपाई, मेंदी लावलेल्या दाढीचा, असा धिप्पाड की मी पदर पुढेच ओढला. त्यानं विचारलं, "माल क्या है?" चाचांनी सगळं सांगितलं. त्यानं एकदा माझ्या लेकराकडे पाहिलं, बांबू वर केला आणि म्हणाला, "जल्दी जाव मियाँ, बच्चा भुका होगा." नाक्यावरच्या रोहिल्यांना इतक्यांनी शिव्या दिलेल्या मी ऐकल्या होत्या, की मला त्याचं ते बोलणं आजवर तसंच लक्षात राहिलं आहे.

नाका मागे पडला आणि खडकाळ चढ लागला. एक चाक दगडावर चढलं, दमणी कलली, लेकराला सावरू की घागर, असं झालं. मी लेकराला सावरलं. घागर घरंगळत गेली आणि पाणी त्या तापल्या खडकावर डोळ्यांदेखत सुकून गेलं.

चाचांची छागल आसाला टांगलेली असे. जाड कापडाची, झिरपणारी, पाणी कसं गारेगार ठेवणारी. त्यांनी ती सोडून आणली आणि मान दुसरीकडे वळवून माझ्यापुढे धरली.

"बाई, घोटभर पेऊन घ्या. लेकरू अंगावर हाये."

"मले तहान नाही," मी म्हटलं. म्हटलं कसलं, वस्सकन अंगावरच गेले. मी तशी जिभेची तिखट, आणि घागर सांडल्याचा राग कोणावर तरी काढायचाच होता.

त्यांनी छागल परत टांगली. ते स्वतः प्यायले नाहीत, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. भर वैशाखात बैलांच्या पुढे पायी चालणारा माणूस, दाढीतून घाम ठिबकतोय, आणि हात एकदाही छागलीकडे जात नाही. मी म्हटलं, "चाचा, तुमी तं पेऊन घ्या." ते म्हणाले, "तुमी तहानेल्या बसल्या, अन् मी कसा पेऊ? घशाखाली उतरत नाही बाई."

मी तरीही छागल मागितली नाही. काय म्हणावं माझ्या अकलेला.

दुपार झाली. लेकाला पदराखाली घेतलं, त्यानं दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. परत लावलं, परत सोडलं. मग जे रडणं त्यानं काढलं, ते भुकेचं होतं. आईला कळतं ते. मी दुसरी बाजू दिली, तिकडेही तेच. जे दूध पोचवायला मी निघाले होते तेच वाटेत आटत चाललं होतं. तिकडे अकरा दिवसांची पोरगी माझी वाट बघत होती, आणि मी तिच्याकडे रिकामी चालले होते. घागर भरून घ्यायला विहीर शोधली, तर माळावरची एकच विहीर, तिच्यात नुसता गाळ.

माळाच्या टोकाला लमाणांचा तांडा होता. चाचांनी बैल सोडले ते तिथल्या लिंबाखाली. लेकाचं रडणं ऐकून एक म्हातारी आली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यावर आरसे, तोंडात एक दात. तिला तांड्यात सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तिनं लेकराच्या ओठांना बोट लावून पाहिलं.

"काहून रडून राह्यलं हे?"

चाचांनी सांगितलं. सगळंच सांगितलं, बहिणीच्या पोरीचंही. म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"दूध द्याले चालली अन् पाणी नको म्हनते? विहिरीतच पाणी नसन, तं मोट कायची भरन वं?"

मी मान खाली घातली. तिनं मडक्यातून लोटा भरून आणला. माझ्या मनात सासूबाई उभ्या राहिल्या, अगदी बोट उगारून. म्हातारीनं लोटा पुढे धरला आणि आवाज उतरवून म्हणाली, "माये, पाप लागलं तं मले लागू दे. माहे दिवस असेही सरलेच हायेत."

मी प्यायले. एक लोटा, मग दुसरा, मग तिनं आणलेलं ताक. प्यायला सुरुवात केली तशी मागे छागलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. चाचा प्यायले. घटाघटा प्यायले, बिचारे. मला रडू आलं, ते मी ताकाच्या भांड्यात लपवलं. म्हातारीनं मला घटकाभर सावलीत पडायला लावलं आणि माझ्या लेकाला स्वतःच्या नातीबरोबर झोळीत घालून झोके दिले. पुढे दोन कोस गेल्यावर पदर ओला लागला, आणि मी दमणीत बसून देवाचे, म्हातारीचे, कोणाकोणाचे आभार मानले.

दिवस मावळायच्या आत पोचलो. बहीण खाटेवर, ओळख नाही. पोरगी सुपात, जुन्या लुगड्याच्या घडीवर. तिच्यात रडायचीही ताकद उरली नव्हती. तिच्या आजीनं, म्हणजे बहिणीच्या सासूनं, पोरीला उचलून माझ्यापुढे धरलं. आणि मी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, हात मागे घेतले.

"आधी ऐका," मी म्हटलं. "हे दूध लमाणीच्या पाण्याचं आहे. तांड्यावर दोन लोटे प्यायले, ताक प्यायले, म्हणून ते आलं. मागून बोल लावाल तर मी ऐकून घेणार नाही. आत्ता काय ते सांगा."

ती बाई सोवळ्यात माझ्या सासूबाईंची मोठी बहीण शोभली असती. उंबऱ्यात उभी होती. तिनं पोरीच्या ओठांवरची पापडी पाहिली, खाटेवरच्या सुनेकडे पाहिलं. तिनं पोरगी परत माझ्यापुढे केली.

"पाज," ती म्हणाली. "पाज वं माये, लवकर."

पोरीनं पहिल्यांदा तोंडच धरलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा धरलं. दोघांना माझं पुरेना, तेव्हा चौथ्या दिवशी आजी स्वतः समोरचं दार ओलांडून पिंजाऱ्याच्या सुनेला घेऊन आली. मी हसले नाही. हसायची सोय नव्हती, पण मनातून फार बरं वाटलं. पोरगी वाचली, बहीणही उठली.

दीड महिन्यानं चाचा मला न्यायला आले. निघताना घागर मी बहिणीकडेच ठेवली. तांड्याशी दमणी थांबवली, तर लिंबाखाली चुलीची राख तेवढी होती. तांडा पुढे गेला होता. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्या म्हातारीचं नाव मी विचारलं नव्हतं. तिनं माझ्या लेकाचं विचारलं होतं, मी तिचं नाही.

मी बराच वेळ त्या लिंबाखाली उभी राहिले. मग दमणीत चढले आणि चाचांना म्हटलं, "चाचा, छागल द्या."

त्यांनी मागे वळून पाहिलं. "तहान लागली काय बाई?"

"नाही," मी म्हटलं. "तरी द्या."

त्यांनी छागल सोडून माझ्या हातात दिली. मी प्यायले, तोंड पुसलं आणि ती त्यांच्याकडे परत केली. मग ते प्यायले.