दगडी हॉलचं ऑडिट

आमच्या हॉलमध्ये दानियलभाऊ रोज सकाळी झाडू मारतात. धूळ निघते, किस्से निघत नाहीत. कोपऱ्यात साचून साचून आता एवढे झालेत, की थोडे तुमच्या दारात ओतल्याशिवाय आम्हाला बसायला जागा होणार नाही.

हॉल निगडीच्या पुढचा. काळा दगड, टोकदार कमानी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. पूर्वी चर्चचा होता. मंडळी वाढली, त्यांनी मोठं चर्च बांधलं, हॉल पालिकेकडे आला आणि पालिकेनं त्यात आम्हाला भरलं. रिटायर कामगारांचं विरंगुळा केंद्र! दानियलभाऊ साळवे मूळचे नगरचे, कंपनीत फिटर होते. त्यांचं लग्न याच हॉलमध्ये लागलं.

*

हॉल हेरिटेज यादीत आहे हे आम्हाला माननीयांमुळे कळलं. माननीय म्हणजे आमचे माजी नगरसेवक. वाढदिवसाचा फ्लेक्स भिंतीवर ठोकायला आले, तर पालिकेचा माणूस म्हणाला, "खिळा मारता येणार नाही साहेब. यादीतली वास्तू आहे."

"मग यादीतून काढा. नाहीतरी इथं पार्किंगच पाहिजे."

एका खिळ्यासाठी अख्खा हॉल पाडायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. आता हेरिटेज कमिटी येऊन बघणार होती, आत जुनं काही उरलंय का. नसेल तर नाव कट, हॉल सपाट.

दानियलभाऊंनी त्या दिवशी दोनदा झाडू मारला.

*

कमिटीच्या आधी त्यांच्या आर्किटेक्ट मॅडम फक्त छत आणि भिंतींच्या पाहणीला आल्या. छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उलटी ठेवलेली होडी वाटते ना?"

"बांधणाऱ्याला पवनेचा पूर माहीत असणार," नाना म्हणाले. नाना क्वालिटीवाले. जन्मभर चाकणला ऑडिटं पास करून दिली.

"आणि दगड श्वास घेतो बरं का. ऑइल पेंट लावू नका."

"घोरतं कोण तेही माहितीय आम्हाला," मी नानांकडे बघत म्हटलं.

*

मॅडम गेल्यावर नानांनी बाह्या सरसावल्या. "कमिटी म्हणजे ऑडिटच की राव. माझ्यावर सोडा."

मग ऑडिटच्या आदल्या दिवशी कंपनीत जे जे करतात, ते सगळं आम्ही केलं. फरशीवर पिवळे पट्टे ओढले. पितळी कड्या घासून चकाचक केल्या. दरवाजावर 'दरवाजा' आणि खिडकीवर 'खिडकी' अशी लेबलं लावली. ती अर्थात मी लिहिलेली! आणि जुनाट दिसेल ते, म्हणजे झिजलेले बाक, घंटा, गीतांचे नंबर लावायची फळी, सगळं मागच्या खोलीत कोंबून कुलूप ठोकलं.

"नाना, ते जुनंच बघायला येतायत ना?" दानियलभाऊंनी विचारलं.

"भाऊ, ऑडिटरला स्क्रॅप दाखवायचं नसतं."

*

कमिटी आली. सोबत माननीय, खुशीत. "बघा, शोधून दाखवा काही जुनं."

मॅडम पिवळ्या पट्ट्यांमधून फिरत राहिल्या. तोंड उतरलं. दानियलभाऊ भिंतीला टेकून, झाडू घट्ट धरून उभे.

"या दाराआड काय आहे?"

"काही नाही मॅडम, स्टोअर. चावी हरवलीय." नोकरीभरची सवय, नानांच्या तोंडून आपोआप निघालं.

दानियलभाऊंनी खिशातून चावी काढली आणि नानांकडे न बघता कुलूप उघडलं.

मॅडम पहिल्या बाकापुढे खालीच बसल्या. माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या लाकडावरून हात फिरवत म्हणाल्या, "इतकं जपून कुणी ठेवलं हे?"

"मी," नाना म्हणाले.

"माझ्या मार्गदर्शनाखाली," माननीय म्हणाले.

हॉल यादीत राहिला. माननीयांनी स्वतःच्या अभिनंदनाचा फ्लेक्स केला. खिळा मारता येईना, म्हणून दोन कार्यकर्ते दुपारभर तो हातात धरून भिंतीसमोर उभे होते.

*

जाताना मॅडमनी दोरीच्या चिठ्ठ्या दिल्या. जुन्या प्रत्येक वस्तूला एक बांधायची. ते काम माझ्याकडे आलं, ही कमिटीची चूक.

बाक पुन्हा जागेवर मांडले, पट्टे घासून काढले. दमून दानियलभाऊ पुढच्या बाकावर टेकले. लग्नात बसले होते, तोच बाक. तिथंच डोळा लागला.

जागे झाले तर शर्टाच्या गुंडीला चिठ्ठी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताची होडी बघत होतो.

भाऊंनी चष्मा लावून वाचलं: 'मूळ वस्तू. हलवू नये.'

संध्याकाळी हॉलला कुलूप लावलं, आणि ती चिठ्ठी तशीच छातीवर ठेवून संत तुकाराम नगरच्या बसमध्ये चढले.