सुभेदारांचा पहिला पेला

“डबा उघडा.” हाच सुभेदारांचा रामराम होता. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या सहकारी साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाले आणि फाटकात प्रत्येकाचा जेवणाचा डबा उघडू लागला. एकदा चेअरमनसाहेबांचाही उघडला. आत कारल्याची भाजी निघाली. “पथ्य चालू हाय वाटतं,” म्हणून त्यांनी कडक सलाम ठोकला. मी टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडायचो. माझ्या बायकोनं काय दिलंय हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

मोठ्या शहरात कुठे स्फोट झाला की आमच्याकडे नवं फर्मान यायचं. आधी गाड्यांखाली आरसे फिरवा, मग बेवारस वस्तू शोधा, मग पाण्याचे साठे सांभाळा. मोठ्या ठिकाणांना बंदूकवाले मिळाले, आम्हाला एक आरसा मिळाला. त्यात ड्रायव्हर लोक भांग पाडायचे.

त्या साली दुष्काळ होता. ऊस नाही, गाळप बंद, आणि आसपासच्या वस्त्या कारखान्याच्या टाकीवर पाणी भरत होत्या. नेमका तेव्हाच टाकीजवळ एक बेवारस कॅन सापडला. सुभेदारांनी माणसं लांब नेली, बीडहून बॉम्बशोधक पथक बोलावलं. कॅनमध्ये कुणीतरी दारू गाळायला चोरलेली मळी निघाली.

आम्ही हसलो, पण चेअरमनसाहेबांनी बाहेरच्यांचं पाणी बंद करायचं ठरवलं. उद्या पाण्यात कुणी काही कालवलं तर जबाबदार कोण, असं ते विचारत होते. त्यांचंही खोटं नव्हतं.

“डबा बेवारस निघालाय सायेब, माणसं न्हाईत,” सुभेदार म्हणाले. “जिम्मा माझा.”

दुसऱ्या दिवसापासून टाकीवर पहारा बसला. सकाळी घागरींची रांग लागली की सुभेदार इस्त्रीच्या गणवेशात यायचे, नळाचा पहिला पेला सगळ्यांदेखत प्यायचे आणि खुर्चीवर ताठ बसून राहायचे. बऱ्याच वेळानं शिट्टी वाजायची, मग घागरी भरायच्या. एक म्हातारी तर मधूनच त्यांचं मनगट धरून नाडी बघायची. पाऊस पडेपर्यंत हे चाललं. असा माणूस आमच्या कारखान्यात होता, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

अखेरच्या दिवसांत अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्यांना भेटलो. तेव्हा भीती वाटत नव्हती का, असं विचारलं.

“लई वाटायची. पेला तोंडाला लावला की घर आठवायचं.” पुढे म्हणाले, “पर म्होरं बाया हुब्या, घागरी रिकाम्या. मंग प्यायचो.”

त्यांच्या मातीला वस्त्यांवरच्या बायका आल्या होत्या. एकजण डोळे पुसत मला म्हणाली, “आमच्या सुभेदाराला भ्या म्हणून ठावं नव्हतं, दादा.”

मी मान डोलावली.