सफूरा आपा आणि घाईची पाटी

नवीन पनवेलमध्ये सफूरा आपांचा बंगला आहे. तो बांधला त्यांच्या नवऱ्याने, कुवेतच्या कमाईतून. अय्यूबभाईंनी तिकडे एका खोलीत सहा जणांबरोबर उमर काढली आणि इकडे सहा खोल्या उठवल्या. राहायला आले तेव्हा सोबत कॅन्सर होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या. घरी नेऊन काय करायचं, ते सांगितलं नाही. बहुधा तो धडा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

नातेवाईक आले, जेवले. कोणी पपईच्या पानांचा रस सुचवला, कोणी कर्जतचा वैद्य. दुखणं थांबवणारं औषध कोणीच सुचवलं नाही. अय्यूबभाई शेवटी शेवटी ओरडत होते. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसू नये, एवढी सभ्यता त्यांच्यात होती.

अय्यूबभाई गेले, त्यांचा चाळिसावा दिवस उरकला आणि आपांनी मस्कतला मुलाला फोन लावला.

“हमझा, बंगल्यात बेड टाकतेय.”

“पेइंग गेस्ट ठेवतेस, अम्मी?”

“गेस्ट आहेत. पेइंग नाहीत. आणि फार दिवस राहणारही नाहीत.”

नाव ठरलं ‘मुक्काम’. ज्यांचा इलाज संपलाय त्यांनी तिथे यावं, वेदना कमी व्हाव्यात, चार माणसांत शेवट व्हावा. अशा पेशंटचं दुखणं शमवणाऱ्या एक डॉक्टर केरेन होत्या, त्या दर आठवड्याला यायला तयार झाल्या. जागा घरची होती. राहिला प्रश्न नर्सचे पगार, औषधं, ऑक्सिजन यांचा. म्हणून आपा देणग्या मागायला निघाल्या. वयाच्या साठीत त्यांना पनवेलची खरी ओळख झाली.

एका बिल्डरने विचारलं, “महिन्याला किती पेशंट बरे होतील?”

“एकही नाही.”

“मग रिझल्ट काय दाखवणार?”

“शंभर टक्के लागतो,” आपा म्हणाल्या. बिल्डरने चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आला.

कोणी काहीच दिलं नाही असं मात्र नाही. पनवेलकर दिलदार आहेत. त्यांनी भिंतीवरची घड्याळं दिली. घड्याळाच्या तबकडीवर देणाऱ्याचं नाव छापता येतं, औषधाच्या गोळीवर येत नाही. ज्यांच्याकडे वेळ उरला नाही, त्यांना चारी भिंतींवरून वेळ दाखवायची सोय झाली. प्रत्येक घड्याळाची वेळ वेगळी होती. ज्याला जी सोयीची वाटेल ती त्याने धरावी.

मग विश्वजीत आला. जवळच्याच विचुंबे गावचा. जमीन गेली, पैसा आला, पैशाचे ट्रेलर झाले. ट्रेलर कंटेनर घेऊन न्हावा शेव्याच्या बंदराला पळतात, गोदामं द्रोणागिरीला उभी आहेत. विश्वजीत सोफ्यात बसला आणि म्हणाला, “आपा, खर्चाची चिंता सोडा. सगळं मी बघतो. फक्त नाव आईचं पायजे.”

आपांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अल्लाह तुमच्या आईला जन्नत देवो.”

विश्वजीतने मान खाली घालून मोबाइल काढला. आपांना वाटलं, रडू लपवतोय.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी आली. सोनेरी अक्षरं होती. ‘कै. चंद्रावतीबाई यांच्या स्मरणार्थ’. हॉलमध्ये दारासमोरच बसवली, वर साटिनचा पडदा लावला. पत्रिका वाटल्या गेल्या. पडदा ओढायला आमदार येणार होते.

समारंभाला थोडे दिवस राहिले असताना दारात रिक्षा थांबली. एक म्हातारी उतरली. हाडांवर लुगडं गुंडाळल्यासारखी. पोट दोन्ही हातांनी धरलेलं.

“बाय, मरणाऱ्यांना ठेवतात ते घर हेच का?”

“या मावशी. कोण आहात?”

“विचुंब्याची चंद्रावती. विश्वजीतची आय.”

आपांनी एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

म्हातारी खुर्चीत टेकली आणि बोलायला लागली. पोटात गाठ होती. मुलगा एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरवत होता. आईवर खर्च केला नाही, असं गावाने म्हणू नये म्हणून. “जो तो बोलतो, बरी व्हशील. मी काय येडी हाय? मना बरी नाय व्हायचं. मना दुखायचं थांबवायचं हाय. तुमी थांबवता, असा आयकलाय.”

मग तिची नजर पडद्याकडे गेली. “ह्याच्यामागं काय हाय?” तिने हात लांब करून पडदा सारला. जमिनीच्या कागदांवर सह्या करण्यापुरती अक्षरं तिला कोणी तरी शिकवली होती. स्वतःचं नाव तिला ओळखता येत होतं.

“माजा नाव! पन नावाच्या आदी ह्या काय लिवलाय?”

आपांना खोटं सुचेना. “मावशी, माणूस गेल्यावर लिहितात ते.”

म्हातारीने ‘कै.’वरून बोट फिरवलं. मग पोट धरून हसली. “माजा पोर लय कामाचा. सगला आदीच बुक करून ठेवतो.”

संध्याकाळी विश्वजीत आला. आई पलंगावर होती. डॉक्टर केरेननी दिलेल्या औषधाने पहिल्यांदाच शांत झोपली होती.

“आपा, माझ्या आईला तुम्ही मरायला ठेवून घेतली?”

“पाटी तुमची आहे, विश्वजीतभाऊ. मी फक्त जवळ बेड टाकला.”

“पाटीवाल्याने सवयीने लिहिलं. मी म्हटलं, राहू द्या, दगड परत कशाला बदलायचा? डॉक्टरांनी तर सांगितलंच होतं.” त्याने आवाज चढवला. “लोक काय म्हणतील? विश्वजीतने आय टाकली. तिला घरी पाठवा. नायतर माझ्याकडून काहीच मिळणार नाय.”

आपांनी भिंतीकडे पाहिलं. ही मदत गेली तर ‘मुक्काम’पाशी फक्त घड्याळं उरणार होती. मग पलंगाकडे पाहिलं. म्हातारीच्या हाताची मूठ सुटलेली होती. अय्यूबभाईंची शेवटपर्यंत सुटली नव्हती.

“त्यांना जायचं असेल तर त्या जातील,” आपा म्हणाल्या. “तुम्ही सांगता म्हणून नाही.”

विश्वजीत दार आपटून गेला.

समारंभाच्या दिवशी मात्र तो हजर होता. पत्रिकेवर नाव होतं, न येऊन सांगतो कोणाला? कोरलेली अक्षरं पुसत नाहीत, म्हणून आपांनी पाटीच्या वर भिंतीत खिळा ठोकून घेतला होता आणि ‘कै.’वर एक घड्याळ टांगलं होतं. खालच्या ‘स्मरणार्थ’वर झेंडूचा हार होता. चाकाच्या खुर्चीतून चंद्रावतीबाई पुढे आल्या. “सायेब, मीच वढते,” म्हणाल्या आणि आमदारांच्या हातातून दोरी घेतली.

आमदार आयुष्यात पहिल्यांदा गोंधळले असतील. पण सावरले. “आईचं नाव लोक तिच्या माघारी देतात. या सुपुत्राने जिवंतपणी दिलं! आणि संस्थेवर विश्वास एवढा, की पहिली पेशंट स्वतःची आई!”

टाळ्या थांबेनात. विश्वजीतने हात जोडले. अशी कीर्ती पदरात पडल्यावर मदत मागे घेणं त्याला परवडणारं नव्हतं. जे ठरलं होतं त्यापेक्षा जास्तच त्याने माइकवर जाहीर केलं.

चंद्रावतीबाई अजून आहेत. सकाळी डोळा उघडला की आधी विचारतात, “बाय, घड्याल हाय ना जाग्यावर?”

विश्वजीत रोज संध्याकाळी येतो. सुरुवातीला फोटो काढायला माणूस सोबत असायचा, हल्ली एकटाच येतो. आईजवळ बसतो, फारसं बोलत नाही. मधल्या काळात ते घड्याळ एकदा बंद पडलं होतं, सेल आणेपर्यंत खाली काढून ठेवलं होतं आणि ‘कै.’ उघडं पडलं होतं. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात नवे सेल असतात.