अंगठ्याची दुहेरी शिलाई

पोलाद प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या महिला मंडळात आम्ही बायका प्लांटमधल्या कामगारांसाठी हातमोजे शिवायचो. अंगठाच आधी फाटतो, हे नवऱ्यांच्या भाजलेल्या बोटांवरून कळलेलं, म्हणून तिथं आतून जाड चिंधी लावून दुहेरी शिलाई घालायचो. एका कारखानदारानं मंडळाला भागीदार करतो म्हणून बैठकीला बोलावलं. "ताई, तुमचं कटिंग दाखवा नं," म्हणाला. मी मूर्ख! त्या 'ताई'ला भुलून कागदी नमुना त्याच्याच टेबलावर ठेवून आले. त्यानंतर ना बैठक, ना निरोप.

दोन महिन्यांनी नवरा प्लांटमधून नवे हातमोजे घेऊन आला. मनगटावर त्या कारखानदाराचा शिक्का होता. नवऱ्यानं मात्र फक्त अंगठा पाहिला होता.

"मंडळाले एवढी मोठी ऑर्डर भेटली," तो रुसून म्हणाला, "अन् मले सांगितलं कावून नाई?"