आतली कडी

लामाराचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, तोही दुसऱ्याच्या घाणीने. त्सकाल्तुबो गावातल्या जुन्या आरोग्यधामाच्या संगमरवरी जिन्यात कोणी ना कोणी मुतून ठेवलेलं असे. नाक दाबून ती पाणी ओती, खराट्याने घासी, मग कामावर जाई.

सोव्हिएत राज्य बुडालं तसे रुग्ण गेले, नळ आणि तारा चोरांनी नेल्या. लढाईत सुखुमी शहर सोडून आलेल्यांनी तिथल्या खोल्यांत संसार मांडले. पुढे बहुतेकांना सरकारी घरं मिळाली. लामारा आणि शेजारीण जुलिएता तेवढ्या मागे राहिल्या.

आता ओसाड इमारती बघायला परदेशी येत. लामाराच्या खोलीला दार म्हणजे कपाटाची फळी. ती ढकलून ते थेट आत येत.

एकदा ती राजमा ढवळत असताना चौघे चिखलाच्या बुटांनी आत शिरले. एकाने वाळत घातलेल्या चड्ड्यांचा फोटो काढला. दुसऱ्याने पातेल्यात डोकावून पाहिलं.

त्यांचा वाटाड्या बेसो ओशाळला. "मावशी, मला वाटलं इथं कुणी राहत नाही."

"मग राजमा काय भुतं शिजवतायत?"

तरी तिने मक्याची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. उंबऱ्याच्या आत आलेल्याला उपाशी घालवायचं नाही, ही तिच्या मुलखाची रीत. पाहुण्यांनी खाल्लं, तिच्याच बशीत सिगारेटी विझवल्या आणि गेले. बशी घासताना ती पुन्हा पुन्हा थुंकत राहिली.

जुलिएता म्हणाली, "जेवू घालतेस आणि मग आठवडाभर थुंकत बसतेस!"

"आत आला तो पाहुणा. त्याला काय बोलणार?"

"मग बाहेरच ठेव की, बये!"

लामारा गावातल्या एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी पिळायची. ओली चादर दोघींनी पिळायची असते, पण जोडीदारीण आली नाही की ती एक टोक खुंटीला अडकवून एकटीच पिळी. मनगटं सुजत. हिवाळाभर तिने अशा जादा पाळ्या ओढल्या.

वसंतात बेसो नवी टोळी घेऊन आला आणि थबकला.

"मावशी, हे काय? सगळी शोभा घालवलीत! जुनं दार फोटोत किती छान यायचं!"

"मुतायला जिना आहे ना तुमचा? तिथं काढा फोटो," लामारा आतूनच म्हणाली.

बाहेर कोणीतरी हसलं, मग दार ढकललं. ते हललं नाही. आत लामाराने भाकरी मोडून राजम्यात बुडवली आणि सावकाश खाल्ली. साऱ्या हिवाळ्याची मजुरी त्या लोखंडी दारात आणि आतून लागणाऱ्या जाड कडीत गेली होती.